नाशिकचा गोदाघाट : ते 'पंचवटी दर्शन' सोडा, दोन्ही काठ पायी फिरा

स्टार द्यायचेच तर पाचपैकी चार. एक कापलाय तो नदीच्या पाण्यासाठी, त्याबद्दल पुढे लिहिते. बाकी जागा इतकी भारी आहे की मुंबई-पुण्याची माणसं त्र्यंबक आणि वायनरी करून परत जातात आणि हा घाट गाडीच्या काचेतून बघतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी त्या 'दर्शन' प्रकाराबद्दल. पंचवटी कारंज्यावर उतरलात की रिक्षावाले येतातच, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, रामकुंड, सगळं दाखवतो, वर शेवटी मुक्तिधामपाशी सोडतो. सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा घेतलं होतं हे पॅकेज, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून, आणि प्रत्येक ठिकाणी "दहा मिन्टात या हां ताई" असं ऐकत आम्ही नुसते चपला काढत आणि चपला घालत होतो. गाईड म्हणून जो पोरगा बरोबर दिला होता त्याने प्रत्येक जागेची एकच गोष्ट सांगितली, इथे रामाने हे केलं, इथे सीतेने ते केलं, आणि शेवटी एका साडीच्या दुकानात नेऊन बसवलं. रामायण आहेच हो तिथे, कुणाचं काही म्हणणं नाही, पण त्या पॅकेजमध्ये नदीचा पलीकडचा काठ, म्हणजे जुनं नाशिक, पूर्ण गायब असतो. आणि माझ्या मते निम्मी मजा तिकडेच आहे.

या वेळी आत्याबरोबर गेले. आत्याचं सगळं आयुष्य तिवंधा चौकाच्या आसपास गेलंय, ती नदीला गोदावरी म्हणतच नाही, जुन्या नाशिकची सगळीच माणसं "गंगेवर जाऊन येते" असंच म्हणतात. तिने पहिल्यांदा हेच सांगितलं की सकाळी सातच्या आत यायचं, गाडी आणायची नाही, आणि आधी पंचवटी मग पूल ओलांडून गावात असं करायचं म्हणजे ऊन चढेपर्यंत आपण गल्ल्यांच्या सावलीत असतो. तर हा रिव्ह्यू त्या क्रमानेच लिहिते.

सकाळचं रामकुंड म्हणजे शांतता-बिंतता असं काही डोक्यात घेऊन जाऊ नका. गजबज असते. एकीकडे डुबकी मारणारे, एकीकडे दशक्रियेला आलेली कुटुंबं, मुंडण करून घेणारी मुलं, पिंडाला कावळा शिवतोय का बघत उभे असलेले काका लोक, दोन पावलांवर चहाची टपरी, फुलवाल्या बायका, आणि या सगळ्यातून वाट काढत शाळेत चाललेली पोरं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोक अस्थी घेऊन इथे येतात. कुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकरांनी बांधलं आणि नंतर गोपिकाबाईंनी, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या आईने, दुरुस्त केलं असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलंय. नदी इथे वळून दक्षिणेकडे जाते, म्हणून या जागेचं महत्त्व जास्त. कपडे बदलायला वस्त्रांतरगृहाची इमारत आहे, बायकांनी स्नान करायचं असेल तर तिथली व्यवस्था आधी बघून घ्या, गर्दीच्या दिवशी फार काही खास नसते. अमावस्या, ग्रहण, श्रावणी सोमवार हे दिवस फक्त बघायला येणाऱ्यांनी टाळलेलेच बरे.

कुंडाच्या अगदी कडेला गंगा-गोदावरीचं देऊळ आहे, ते बंद दिसेल. उघडंच राहत नाही, बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा आला की उघडतं. मागचा सिंहस्थ २०१५ चा होता, पुढचा २०२७ चा. माझ्या मुलाला ही आयडिया एवढी आवडली की तो दिवसभर हिशेब करत होता की एखाद्या माणसाला आयुष्यात हे दार किती वेळा उघडं बघायला मिळेल.

वर पायऱ्या चढून कपालेश्वर. महादेवाचं देऊळ आणि समोर नंदी नाही. शिवाला ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा रस्ता नंदीने दाखवला, म्हणून तो गुरू झाला, आणि गुरूला समोर वाहन म्हणून कसं बसवायचं, अशी त्यामागची कथा. कथा लहान आहे, पण देवाने शिष्य होऊन गप्प ऐकून घेतलंय असा प्रसंग आपल्याकडे फार नाही, मला आवडते. वरून घाटाचा व्ह्यू पण मस्त मिळतो, फोटो काढायचे तर इथून काढा, खाली माणसांच्या तोंडात मोबाईल घालून काढू नका. तिथे लोक दुःखात आलेले असतात एवढं तरी भान ठेवा. (हे मला लिहावं लागतंय कारण एक जण दशक्रियेच्या बॅकग्राउंडवर रील करत होता.)

मग नारोशंकराचं देऊळ. मूळ नाव रामेश्वर, पण ते म्हटलं तर कुणी रस्ता सांगणार नाही. नारोशंकर राजेबहाद्दर या पेशव्यांच्या सरदाराने १७४७ मध्ये बांधलं. बाहेरून चारही बाजूंनी तट, कोपऱ्यांवर छत्र्या, शिखरावर दगडात कोरलेले मोर, माकडं, हत्ती, ऋषी, इतकं काम आहे की मान वर करून दुखायला लागते. आणि दारावरच्या छत्रीत ती प्रसिद्ध घंटा. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांना हरवल्यावर विजयाची खूण म्हणून आणलेली. आमच्या घरी मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला "नारोशंकराची घंटा" म्हणतात ते लहानपणापासून ऐकलं होतं, पण ती घंटा मूळची चर्चची आहे हे मला कॉलेजला जाईपर्यंत माहीत नव्हतं आणि मुलाला तर अजिबात खरं वाटेना. चर्चची घंटा महादेवाच्या दारावर आणि तिच्यावरून मराठीत वाक्प्रचार! तिथे मात्र याबद्दल धड एक पाटी नाही. म्हणजे पाटी आहे, पण ती वाचून काही कळेल अशी नाही.

या घंटेचं दुसरं काम म्हणजे पूर मोजणं. तसंच दुतोंड्या मारुतीचं. नदीपात्रातच उभी असलेली ही उंच मूर्ती, दोन्ही बाजूंना तोंड, आणि नाशिककर पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाचे क्युसेकचे आकडे ऐकतात ते एका कानाने, खरा प्रश्न एकच असतो, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत आलं म्हणजे बघायला जायचं, कमरेपर्यंत आलं म्हणजे काठावरच्या दुकानदारांनी माल वर हलवायचा, गळ्यापर्यंत आलं म्हणजे सराफ बाजाराची काही खैर नाही. आत्याने २००८ चा पूर पाहिलाय, २०१६ चा पाहिलाय, १९६९ च्या पुराच्या गोष्टी तिने तिच्या सासऱ्यांकडून ऐकल्यात, आणि ती हे सगळं मारुतीकडे बोट दाखवून सांगते. पुराचं पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं की महापूर, असं जुन्या लोकांचं माप. आम्ही उन्हाळ्याच्या आधी गेलो होतो त्यामुळे मारुतीरायाच्या पायाशी पोरं क्रिकेट खेळत होती आणि बॉल पाण्यात गेला की कोण उतरणार यावर भांडणं.

काळाराम घाटापासून पाच-सात मिनिटांवर आहे, चालतच जा, वाटेतली गल्ली छान आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटाला बांधलेलं, रामशेज डोंगराचा काळा दगड, मूर्तीही काळी. मंडप मोठा, आवार त्याहून मोठं, दुपारी सुद्धा फरशीवर बसलं की गार वाटतं. पण मला या देवळात गेल्यावर आधी आठवतं ते पूर्वेचं महाद्वार आणि २ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे होते, हजारो माणसं दारासमोर बसली, रामाच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, आणि वर्षानुवर्षं सत्याग्रह चालूनही दारं काही उघडली नाहीत. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि येवला याच जिल्ह्यात, काही फार लांब नाही. त्या रिक्षावाल्या गाईडने यातला एक शब्द काढला नव्हता. चौदा पायऱ्या म्हणजे चौदा वर्षं वनवास, हे मात्र दोनदा सांगितलं. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर ही गोष्ट तुम्ही स्वतःच सांगा, दारात उभं राहून सांगितलेलं पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहतं.

सीतागुंफेबद्दल थोडक्यात : रांग मोठी, आत वाकून सरपटत जायचं, श्वास कोंडतो, ब्लड प्रेशर असलेल्यांनी किंवा लहान बाळ कडेवर असलेल्यांनी जाऊच नये. बाहेर जुनी वडाची झाडं आहेत, त्यांना नंबर घातलेत, ती बघा. झालं.

आता पूल ओलांडा. अहिल्याबाई होळकर पूल म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, १८९५ चा दगडी, अजून वापरात आहे. पण आम्ही खालच्या रामसेतूवरून गेलो. छोटासा पूल, पुरात दरवेळी पाण्याखाली जाणारा, त्यावरून दोन्ही काठ एकदम दिसतात. इथे थांबा थोडा वेळ. उजवीकडे-डावीकडे बघितलं तर कळतं की ही एक पेठ नाही, दोन गावं आहेत, पंचवटीकडे देवांचं आणि जुन्या नाशिककडे व्यापाऱ्यांचं, आणि मधली नदी म्हणजे दोघांचं सामाईक अंगण.

गावाकडच्या काठावर यशवंतराव महाराजांचं पटांगण. हे यशवंतराव म्हणजे देवमामलेदार, सटाण्याला मामलेदार होते आणि दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. सरकारी अधिकाऱ्याची समाधी आणि तिला लोक हात जोडतायत, असं दृश्य आपल्या राज्यात अजून कुठे दिसत असेल तर मला सांगा. बुधवारी गेलात तर घाटावर आठवडे बाजार भरलेला असतो, भाजी, कांदे-बटाटे, सुकी मासळी, दोरखंड, विळे-कोयते, लुगडी, सगळं. आम्ही मुद्दाम बुधवार धरला होता. फिरायला गर्दीचा त्रास होतो हे खरं, पण घाट कशासाठी बांधलेत ते त्या दिवशी कळतं. बाजार नसताना इथे पार्किंग असतं, आणि ते डोळ्यात खुपतं.

सराफ बाजारातून वर चढलं की सरकारवाडा. पेशवाईतला, नाशिकचा कारभार इथून चालायचा. लाकडी खांब, मोठा दगडी जिना. सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांचं 'सावाना', १८४० सालचं, तेही पूर्वी याच वाड्यात होतं. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, उघडा असेल की नाही याची खात्री करून जा, आम्ही गेलो तेव्हा पहारेकरी दादांनी प्रेमाने सांगितलं की आज नाही, आणि बाहेरूनच बघून घेतलं. बाहेरून सुद्धा बघण्यासारखा आहे म्हणा.

मग भांडी बाजार. माझ्यासाठी हा सगळ्या फेरीतला बेस्ट भाग, इथे मी दीड तास काढला आणि नवरा कंटाळून चहाला गेला. तांब्या-पितळेचं नाशिकचं नाव जुनंच, गल्लीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना घंगाळी, पिंपं, हंडे, समया, पाणी तापवायचे बंब, पूजेची उपकरणी, छतापासून टांगलेल्या कळश्या. हल्ली निम्मी दुकानं स्टीलवर आणि लग्नाच्या आहेराच्या सेटवर चालतात पण अजून काही ठिकाणी मागे ठोक्याचं काम चालू असतं. भाव वजनावर असतो हे लक्षात ठेवा, नगावर सांगितला तर "काका, वजन करा" म्हणायचं, लगेच करतात. मी एक जाड तांब्याचा हंडा आणि एक जुनी मोडीतली समई घेतली. मोडीत आलेली जुनी भांडी मागितली तरच दाखवतात, समोर मांडलेली नसतात, आणि त्यात खरी मजा आहे, एका पातेल्यावर खिळ्याने ठोकून नाव घातलेलं आणि "हिच्या लग्नात" एवढंच वाचता आलं. दुकानदार काकांनी घाई केली नाही, कल्हई कुठे करून मिळेल तेही सांगितलं. एका दुसऱ्या दुकानात मात्र 'जुनी पितळी' म्हणून जे दाखवलं ते चिंचेने घासल्यावर भलत्याच रंगाचं निघालं असतं याची मला खात्री आहे, हातात घेतल्यावर वजनच नव्हतं. नाव नाही लिहीत, वजन बघून घ्या एवढं पुरे.

तिथून दहीपूल, कापड पेठेतला बालाजी, तिवंधा, अशा गल्ल्या. वाडे आहेत अजून, पण घाई करा. प्रत्येक पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, प्रत्येक पावसाळ्यात एखादा कोसळतो, आणि मालक-भाडेकरूंच्या केसेस एवढ्या जुन्या की दुरुस्ती कुणी करत नाही. काही वाड्यांच्या दर्शनी भागावर लाकडी नक्षीचे खांब आणि खाली मोबाईल रिचार्जचं दुकान. लोक राहतात तिथे, चौकात डोकावायचं असेल तर विचारून डोकावा. आत्या बरोबर होती म्हणून दोन ठिकाणी आत बोलावलं, एका आजींनी तर "बाई गं, हिचे केस कुणी पिकवले एवढ्यात" म्हणून माझीच चौकशी केली आणि सरबत दिलं.

तिवंध्यात रस्त्याच्या मधोमध आत्याने पाय आपटून दाखवलं, "इथं खाली रहाड आहे." रंगपंचमीच्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, वर्षभर लाकडाच्या फळ्या टाकून मातीने बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात, कुणाला पत्ता नसतो. रंगपंचमीच्या आधी उकरतात, फुलांचा नैसर्गिक रंग करून भरतात, पूजा होते आणि मग लोक त्यात उडी मारतात, त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाजाचा केशरी, शनी चौकाचा गुलाबी. हल्ली बऱ्याच ठिकाणी लोक धुळवडीलाच रंग खेळतात, नाशिक पंचमीला, त्यामुळे दोन्ही जमवता येतं हा एक फायदा. फोन, घड्याळ घरी ठेवून जा आणि पांढरा कपडा परत पांढरा होईल ही आशा पण.

अजून एक जागा आहे जी कुठल्याच दर्शनात नसते आणि मी तरी लांबूनच बघा म्हणेन, ती म्हणजे काझीची गढी, नदीकाठचं मातीचं उंच टेकाड. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशिकला उत्खनन केलं ते या जुन्या मातीच्या गढीवर, आणि त्यात थरावर थर अशी हजारो वर्षांची वस्ती सापडली. म्हणजे देवळं पेशवाईतली असली तरी गाव सातवाहनांच्याही आधीचं. आज त्या टेकाडावर घरं आहेत, पावसात कडा ढासळते, माणसं हलवतात, पुन्हा येतात. बघायला जायची जागा नाही ती, पण नदीकाठून दिसते आणि एकदा कळलं की नुसता मातीचा ढीग म्हणून दुर्लक्ष करता येत नाही.

खाण्याचं. नाशिक म्हणजे मिसळ हे आता सगळ्यांना पाठ आहे, पण त्या गावाबाहेरच्या बागेतल्या, झोपाळे आणि सेल्फी पॉइंटवाल्या मिसळी वेगळ्या आणि जुन्या गावातल्या हॉटेलातल्या वेगळ्या. गावात टेबल शेअर करावं लागतं, रस्सा काळ्या मसाल्याचा, पापड आणि दही सोबत, आणि पाव संपला की न विचारता पुढचा येतो. आम्ही जिथे खाल्ली तिथे तर्री इतकी जाळ होती की मुलाने नुसतं दही खाल्लं. त्यावर गरम जिलबी, हे कॉम्बिनेशन इथलंच. मेनरोडला सायंताराचा साबुदाणा वडा, उपास असो नसो. घरी न्यायला कोंडाजीचा चिवडा, आणि मनुका रविवार कारंज्याच्या बाजूला घ्या, पंचवटीत यात्रेकरूंचा भाव लागतो. रविवार कारंज्याला चांदीचा गणपती आहे तोही होऊन जाईल.

एक सर्व्हिस म्हणून मला मनापासून रेकमेंड करायची आहे ती तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. प्रत्येक उपाध्यायांकडे गावं आणि आडनावं वाटून दिलेली असतात, तुम्ही मूळ गाव, तालुका, आडनाव सांगायचं, मग दोन-तीन घरं फिरून योग्य ठिकाणी पोचता. आत्याने आमचं काम सकाळीच लावून ठेवलं होतं. गुरुजींनी लांबट वही काढली, लाल कापडात बांधलेली, आणि पाच मिनिटांत माझ्या पणजोबांची सही समोर. मोडी लिपीत. बरोबर कोण कोण आलं होतं, कशासाठी आलं होतं, सगळं. पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं, बाबा म्हणायचे काशीबाई, काका म्हणायचे भागीरथी, तर तिथे लिहिलं होतं दोन्ही, एक माहेरचं एक सासरचं. बाबांना लगेच व्हिडिओ कॉल लावला. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं "परत दाखव, परत दाखव" म्हणत राहिले. शेवटी आमचीही नावं लिहून घेतली, मुलाने सही केली. दक्षिणा आपल्या मर्जीने, आमच्याकडे तरी कुणी हट्ट केला नाही. पण घाटावर "चला पूजा करून देतो" म्हणून मागे लागणारे असतात त्यांच्याकडून हे होत नाही, गावाच्या नावाने विचारतच जा.

आता कापलेला स्टार. पाणी. रामकुंडात लोक तीर्थ म्हणून बाटलीत भरून नेतात आणि थोडं खाली गेलं की पाणवेली, निर्माल्याच्या पिशव्या आणि गटाराचा वास. प्रदूषणाच्या याचिका हायकोर्टात होऊन गेल्या, आदेश झाले, फलक लागले, वास आहेच. दुसरं म्हणजे काँक्रीट. आधीच्या कुंभमेळ्यांच्या निमित्ताने पात्रात आणि कुंडांच्या तळाला जे काँक्रीट ओतलं त्याने जुने जिवंत झरे बुजले, ते काढा म्हणून नाशिकचीच माणसं कित्येक वर्षं भांडतायत. आणि तरी दर नवीन योजनेत पुन्हा फरश्या, पुन्हा पायऱ्या, जुना काळा दगड काढून गुळगुळीत काहीतरी. ओल्या पायाने त्या नवीन फरशीवर दोन म्हातारी माणसं माझ्यासमोर घसरली. जुन्या पायऱ्यांवर टाकीचे घाव होते ते शोभेसाठी नव्हते हो. संध्याकाळी हल्ली आरती होते, दिवे वगैरे छान दिसतं, फोटो चांगले येतात, पण आरतीच्या आधी एकदा नदी साफ करा एवढंच म्हणणं आहे.

टॉयलेटची सोय वाईट, बायकांनी सीबीएसलाच (म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवर) किंवा हॉटेलात आटोपून यावं. म्हाताऱ्या माणसांना पंचवटीची बाजू झेपेल, गावाची बाजू चढाची आहे. काळारामाच्या रथाच्या दिवशी, चैत्रातल्या कामदा एकादशीला, रामरथ आणि गरुडरथ निघतात, त्यातला रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ गावात जातो, ते बघायचं असेल तर दुपारीच जागा धरा. पावसाळ्यात विसर्ग वाढल्याची बातमी असेल तर खालच्या पुलांच्या वाटेला जाऊ नका, पोलिस अडवतातच, अडवलं तर हुज्जत घालू नका.

नाशिकरोड स्टेशनवरून सिटीलिंकच्या बस मिळतात, साधारण नऊ-दहा किलोमीटर. सीबीएसला उतरलात तर रविवार कारंज्यापर्यंत चालत या. स्वतःची गाडी असेल तर गावाबाहेर लावा, सराफ बाजारात चारचाकी घालणाऱ्याला गल्लीतली माणसं काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. आणि २०२७ च्या तयारीची कामं चालू असल्याने कुठला रस्ता कधी खोदलेला असेल सांगता येत नाही, निघायच्या आदल्या दिवशी नाशकातल्या कुणालातरी फोन करून विचारा, ओळखीचं कुणी नसेल तर जिथे उतरणार त्या लॉजवाल्याला विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.